गोधडीतला लॅपटॉप

आबांचा हात आधी लॅपटॉपच्या पोटाखाली जायचा, मग ते माझ्याकडे बघायचे. सकाळी शेतावरून आले, हातपाय धुतले, की कोरड्या पंचाने बोटं पुसून ते माझ्या टेबलाशी येत आणि आजारी पोराचं कपाळ पाहावं तसा उलटा तळहात यंत्राला लावत. “कढ हाय गं अंगात,” म्हणत. तोवर मी खुर्चीतून उठून उभी राहिलेली असे.

आबा म्हणजे माझे सासरे. सैन्यात दारूगोळ्याच्या कोठारावर उमेदीची वर्षं घालवून उंब्रजला परतलेले आणि उसाच्या शेतीत रमलेले. ते उंबऱ्यात आले की घरातला टीव्ही आपोआप बारीक होई. माझा नवराही सैन्यातच, तोही लांब सरहद्दीवर. मी साताऱ्यात वाढलेली, इंग्रजी शाळेतली. आबांशी बोलताना माझं मराठी घशातच अडखळायचं. लग्न ठरताना पुण्याच्या कंपनीचं काम मी घरून करत राहावं की नाही, असा विषय निघाला. निकाल आबांनीच दिला. “जोवर यंत्र धडधाकट, तवर काम. बिघडलं की इषय संपला.” बैठकीतले सगळे हसले. आबा हसले नव्हते, हे मी पाहिलं होतं. माझं म्हणावं असं ते एक कामच होतं.

पण त्या यंत्राची राखण त्यांनी स्वतःवर घेतली. दाढीचा जुना ब्रश धुऊन, वाळवून ते त्याने बटणांमधली धूळ झाडत. झाकण एका कोपऱ्याने उघडलेलं त्यांना खपत नसे. दोन्ही हातांनी, मधोमध. चहाचा कप टेबलावर दिसला की, “त्यो तिकडं. हितं फकस्त काम.” वळवाच्या पावसात वीज कडाडली की माझ्या आधी तेच धावत येऊन पिन उपसत. “हत्यार रुसलं की माणूस जातो,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला त्यात धमकी ऐकू येई.

मग उसाचा हंगाम लागला. साखर कारखान्याचं धुराडं पेटलं की आमच्याकडे काजळी पडते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, अंगणात, पाण्याच्या हौदात काळी कुसळं तरंगतात. ती यंत्रात जाऊ नयेत म्हणून आबांनी सासूबाईंच्या जुन्या लुगड्यांची गोधडी काढली. मी जेवायला उठले, की लॅपटॉप चालू असला तरी ते त्याला गोधडीत गुंडाळून ठेवू लागले. वर चार्जरही कायम लावलेला. “उपाशी ठिवायचं न्हाई त्याला.”

त्याला हवा लागते, सतत चार्जिंगही बरं नाही, हे मला माहीत होतं. एकदा हिंमत करून म्हणाले, “आबा, त्याला जरा...” त्यांनी मान वर केली. “आं?” मी म्हणाले, “चहा आणू का?”

एका दुपारी गोधडी उलगडली, तर झाकण नीट मिटलेलंच नव्हतं. उघडलं तर बोट फिरवायची पाटी वर उचललेली, दाबली जाईना. आतली बॅटरी फुगली होती. आग लागेल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर पहिली भीती ती नव्हती. इषय संपला, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी यंत्र बंद केलं, पिन काढली, आणि मागे आबा उभे होते.

त्यांनी फुगलेली पाटी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. आबांना भ्यालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. “लांब हो,” ते हळूच म्हणाले. बाहेरून वाळू भरलेलं घमेलं आणलं, लॅपटॉप तळहातांवर तोलत त्यात ठेवला आणि उसाच्या वाळल्या पाचटाच्या गंजीपासून दूर, उघड्यावर नेला. तिथून गाडीच्या मागच्या हौद्यात. कराडच्या दुरुस्तीवाल्याकडे पोचेपर्यंत मी काचेतून मागे बघत होते. वाटेत ते एवढंच बोलले, “कोठारात असा एक डबा फुगला हुता. माझा जोडीदार माझ्यापुढं एकच पाऊल हुता.”

दुरुस्तीवाल्याने बॅटरी सोडवून बाजूला ठेवली. माझं काम शाबूत होतं. नवी बॅटरी बसली की झालं, म्हणाला. मग पंख्यात अडकलेले लुगड्याचे धागे दाखवत वैतागून विचारलं, याला पांघरूण कोण घालत होतं?

“मी,” आबा म्हणाले.

परतताना महामार्गावर त्यांनी गाडी कडेला घेतली.

“तुला ठावं हुतं?”

“हो.”

“मग बोलली का न्हाईस?”

“भीती वाटली.”

“कशाची?”

मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “तुमची.”

आबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग आबा म्हणाले, “जवान मला भ्यायचे, म्हून जगायचे. घरात बी तसंच आसतं वाटलं मला.” गाडी सुरू करताना म्हणाले, “काम सोडू नगंस. आन् माझं चुकलं की तोंडावर सांगायचं. हुकूम समज.”

पुढे ते रोज सकाळी विचारत, “काय चुकतंय?” आणि मी सांगत असे. पाटी ओल्या फडक्याने पुसू नका. पडद्यावर बोट दाबू नका. जेवायला उठताना मीच यंत्र बंद करते, थंड झालं की मगच झाका. प्रत्येक वेळी मी वाक्य आधी मनात जुळवून घेई. ते मात्र मान हलवून तसंच करत.

गेल्या वर्षी फुप्फुसांनी त्यांना कराडच्या दवाखान्यात नेलं. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगे, दसऱ्याला घरी असाल. घरच्यांनी मला बजावलं होतं, तू काही बोलू नकोस. एका दुपारी आबांनी सगळ्यांना जेवायला पिटाळलं आणि मला थांबवलं.

“डाक्टर काय म्हणला?”

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

“आबा, आता घरी नेता येणार नाही म्हणाले.”

त्यांनी डोळे मिटले.

“सांगताना भ्यालीस?”

“लय,” मी म्हणाले.

“मी बी,” आबा म्हणाले.