परतमावशींचं नाक आणि विमा कंपनी

डेअरीच्या मागच्या बाजूला दूध उतरवायचा ओटा होता. त्या ओट्यावर एक लोखंडी स्टूल, आणि त्या स्टुलावर गेली सव्वीस वर्षं मावशी. सकाळी सहापासून दूधवाले कॅन आणून ओळीनं मांडायचे. मावशी झाकण उचलायच्या, वाकून वास घ्यायच्या आणि दोनच शब्दांपैकी एक बोलायच्या. ‘घे’ नाहीतर ‘परत’. या दुसऱ्या शब्दामुळे सगळे दूधवाले त्यांना पाठीमागे परतमावशी म्हणायचे, आणि समोर ‘मावशी’ म्हणताना जीभ जपून वापरायचे.

त्यांचं नाक म्हणजे काय सांगावं! एकदा एका दूधवाल्याला त्यांनी विचारलं, “तुझी गाय काल लसणाच्या वाफ्यात घुसली होती का रे?” बिचारा आ वासून उभा राहिला, कारण वाफा शेजाऱ्याचा होता आणि ते भांडण अजून मिटायचं होतं. मावशींनी ‘परत’ म्हटलेलं दूध प्रयोगशाळेतली मुलगी नंतर तपासायची, पण तो नुसता नियम म्हणून. निकाल सगळ्यांना आधीच ठाऊक असायचा.

एका दुपारी मावशी काम संपवून फाटकाबाहेर पडल्या आणि रिव्हर्समध्ये मागे येणाऱ्या एका गाडीचा त्यांना बाजूनं धक्का बसला. गाडी दातांच्या डॉक्टरांची. धक्का काही मोठा नव्हता, पण मावशी मागच्या मागे पडल्या आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. डॉक्टर खाली उतरले ते रडवेले होऊनच. मावशींनीच त्यांना आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं.

“माझ्या गाडीचा विमा आहे हो मावशी, तुम्ही अजिबात काळजी करू नका.”

“मी कुठे करतेय? तुम्ही आधी डोळे पुसा.”

तीन टाके पडले, आठवड्यात निघाले. देवाची कृपा, थोडक्यात निभावलं, असं म्हणून मावशी घरी आल्या, दूध तापत ठेवलं आणि खिडकीपाशी पाय मोकळे करून बसल्या. थोड्या वेळानं शेजारीण दार ढकलून आत आली.

“अहो, काय जळतंय?”

“कुठे?”

“कुठे काय विचारताय, तुमच्या पाठीमागे!”

पातेल्याचा कोळसा झाला होता आणि खोलीत धूर भरला होता. मावशींना पत्ता नव्हता. मग त्यांनी घरातली एकेक वस्तू नाकाशी धरली. साबण, कांदा, लवंग, रॉकेलचा डबा. काही नाही. शेवटी पलीकडच्या गल्लीत राहणाऱ्या भाचीकडे गेल्या. भाचीच्या नवऱ्याचे कामावरचे बूट घराबाहेरच ठेवायचे, असा त्या घरात दंडक होता. मावशींनी त्यातला एक उचलून खोल श्वास घेतला आणि पायरीवर मटकन बसल्या. भाचीला वाटलं, वासानं चक्कर आली.

नाक-कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की डोकं मागून जोरात आपटलं की वास पोचवणारे बारीक तंतू तुटू शकतात. कधी परत जुळतात, कधी नाही.

दुसऱ्या दिवशी मावशी डेअरीत गेल्या त्या मॅनेजरला सगळं सांगायचंच असं ठरवून. पण त्या ओट्यावर पाऊल टाकतात तोच मॅनेजर सगळ्यांदेखत ओरडले, “आलं बाबा आमच्या डेअरीचं नाक!” दूधवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींच्या तोंडातले शब्द तोंडातच राहिले. त्या स्टुलावर बसल्या. समोर कॅन आला, झाकण उघडलं, त्या वाकल्या. आत पांढरं दूध. वास म्हणाल तर रिकाम्या पातेल्याइतका. काय बोलावं कळेना म्हणून त्यांनी मान वर करून दूधवाल्याकडे पाहिलं. तो गोड हसून म्हणाला, “मावशी, तब्येत जपा हं.”

हा माणूस सव्वीस वर्षांत कधी तब्येतीबद्दल बोलला नव्हता.

“परत,” मावशी म्हणाल्या.

प्रयोगशाळेतल्या मुलीनं तपासलं. आंबलेलं होतं.

त्या दिवसापासून मावशी रोज वाकायच्या, नाक फुलवायच्या, डोळे मिटायच्या आणि मग एक डोळा किलकिला करून माणूस बघायच्या.

इकडे विमा कंपनीचं पत्र आलं. तीन टाके, फाटलेली पिशवी आणि चेपलेला डबा एवढ्याची भरपाई मंजूर. नाकाबद्दल लिहिलं होतं, ‘नाकास कोणतीही इजा आढळून येत नाही.’

“नाक दिसतंय म्हणजे आहे, असं झालं होय?” मावशी भडकल्या. “मी काय खोटं बोलते?”

पत्र वाचून भाचीनं त्यांना सरळ वकीलबाईंकडे नेलं. वकीलबाईंचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर, अरुंद जिन्यानं वर. पंखा इतका जोरात, की टेबलावरच्या प्रत्येक कागदावर एकेक जाडजूड पुस्तक ठेवलेलं. वकीलबाई वयानं लहान, पण आवाज शाळेतल्या मुख्याध्यापिकेचा.

“मावशी, एक सांगून ठेवते. जे झालं ते सगळं सांगायचं. जे झालं नाही ते मी सांगू देणार नाही. वास अजिबात येत नाही?”

“नाही.”

“कामावर काय करता सध्या?”

“बसते,” मावशी म्हणाल्या. हे काही खोटं नव्हतं.

वकीलबाईंनी कंपनीला नोटीस धाडली. कंपनीनं मावशींना आपल्या डॉक्टरांकडे तपासणीला बोलावलं. त्या डॉक्टरांनी बारा बाटल्या एकेक करून नाकाखाली धरल्या आणि “हा कशाचा?” असं विचारलं. मावशींनी सवयीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर तोंडाला मास्क आणि चष्म्यावर उजेड. बाराही बाटल्यांत मावशी नापास. डॉक्टरांनी बरंच काही लिहिलं आणि अहवाल थेट कंपनीला जाईल म्हणाले. त्यानंतर वकीलबाईंनी अहवालाची प्रत दोनदा मागितली. दोन्ही वेळा उत्तर एकच, अहवाल अजून आलेला नाही.

मग तडजोडीच्या बैठकीची तारीख लागली. बैठकीच्या आदल्या दिवशी कंपनीकडून एक कागद आला आणि वकीलबाईंनी मावशींना तातडीनं बोलावून घेतलं. त्यांचा आवाज बदललेला होता.

“मावशी, हे काय आहे?”

डेअरीच्या नोंदवहीच्या एका पानाची प्रत होती. अपघातानंतर मावशींनी चौदा कॅन परत पाठवले होते, आणि प्रयोगशाळेत चौदाच्या चौदा खराब निघाले होते.

“कंपनी विचारतेय, की नाक गेलेलं असताना हे जमलं कसं? मी काय उत्तर देऊ?”

मावशींनी खाली बघत सगळं सांगून टाकलं. वकीलबाई तोंडावर हात ठेवून इतक्या हसल्या, की पुस्तक घसरून चार कागद उडाले. भाचीनं ते गोळा केले. हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “आता नीट ऐका. उद्या नोंदवही घेऊन तुमचे मॅनेजरसुद्धा येणार आहेत. हे सगळं तुम्हाला त्यांच्यासमोर सांगावं लागेल. नाही सांगितलंत तर कंपनी म्हणेल, बाई ढोंगी आहे, आणि ते तसंच कागदावर राहील.”

“आणि सांगितलं तर डेअरीत मी ढोंगी.”

“हो.”

“म्हणजे कुठे ढोंगी व्हायचं तेवढं मी ठरवायचं.”

“तसंच म्हणा.”

सकाळी मावशी देवापुढे हात जोडून उभ्या राहिल्या. “देवा, मी खोटं बोलले नाही. पण खरंही बोलले नाही, हे तुलाही माहीत आहे. आज तेवढं बोलायचं बळ दे. पैशांचं नंतर बघू.”

बैठकीच्या खोलीत एक लांब टेबल होतं. मधोमध मध्यस्थ म्हणून निवृत्त न्यायाधीश, जांभई दाबत बसलेले. एका बाजूला मावशी, भाची, वकीलबाई. दुसऱ्या बाजूला कंपनीचे साहेब, आणि टोकाला नोंदवही मांडीवर घेतलेले मॅनेजर. साहेब फारच चांगले. उठून उभे राहिले, मावशींना खुर्ची ओढून दिली.

“या मावशी, तब्येत कशी आहे?”

नोंदवहीचं पान पुढे सरकवत ते म्हणाले, “आम्हाला मावशींबद्दल आदरच आहे. पण चौदापैकी चौदा! असं नाक आम्हाला मिळालं तर आम्ही त्याचाच विमा उतरवू.”

मॅनेजर अभिमानानं हसले. त्यांना बिचाऱ्यांना अजून वाटत होतं, की आपण मावशींच्या बाजूनंच साक्षीला आलोय.

मावशी उभ्या राहिल्या. “साहेब, मी वास घेत नव्हते. वास घेतल्यासारखं करत होते.”

मॅनेजरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला माणूस निघून गेला.

“मग कळायचं कसं?” न्यायाधीशांची जांभई थांबली.

“माणूस बघून. चांगलं दूध आणणारा माझ्याकडे बघतसुद्धा नाही, त्याला पुढची फेरी गाठायची घाई असते. ज्याच्या कॅनमध्ये काहीतरी असतं तो आधी माझी विचारपूस करतो. झाकण स्वतः उघडून देतो. चांगले कॅन पुढे करतो आणि वाईट कॅनला पाय टेकवून उभा राहतो. आणि वहीचं पुढचं पानही बघा. एक कॅन मी ‘घे’ म्हटला होता. तो इतका नासला होता, की टाकीकडे नेताना प्रयोगशाळेतल्या मुलीनं दारातच नाक धरलं. दूधवाला नवा होता. मला त्याचा चेहराच वाचता येईना.”

मॅनेजरनं पान उलटलं. “आहे,” ते पुटपुटले. “मला वाटलं, मुलीनंच चुकीचं लिहिलं. मी तिला रागावलो होतो.”

“गोष्ट छान आहे,” साहेब हसले. “पण गोष्टच. मावशी, पाणी देऊ का? बरं वाटतंय ना तुम्हाला?” आणि त्यांनी स्वतः पेला भरून पुढे केला.

मावशींनी पेला घेतला नाही. त्या साहेबांकडे बघत राहिल्या. डोळे जरा बारीक झाले.

“साहेब, राग मानू नका. मी आल्यापासून तुम्ही दोनदा माझी विचारपूस केलीत. खुर्ची ओढून दिलीत, पाणी ओतून दिलंत. फाइलमधले कागद सगळे वरून काढताय आणि तळाचा कागद मघापासून कोपरानं दाबून बसलाय. माझ्या ओट्यावर आला असतात ना, तर मी तुम्हाला ‘परत’ म्हटलं असतं.”

वकीलबाईंनी मान खाली घातली, पण त्यांचे खांदे हलत होते.

“कोपर उचला,” न्यायाधीश म्हणाले. “तळाचा कागद बघू.”

तो कंपनीच्याच डॉक्टरांचा अहवाल होता. तीन आठवड्यांपूर्वीचा. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, की बाईंची गंधशक्ती अपघातामुळे पूर्णपणे गेली आहे आणि त्या कसलीही बतावणी करत नाहीत. न्यायाधीशांनी तो दोनदा वाचला, दुसऱ्यांदा मोठ्यानं.

साहेबांच्या कपाळावर घाम आला. “पण... पण त्यांचं काम तर चालू आहे. मग नुकसान नेमकं कशाचं?”

“ते सांगा मावशी,” न्यायाधीश म्हणाले.

मावशींनी शेजारी बसलेल्या भाचीकडे पाहिलं. “मी दिवसातून तीनदा अंघोळ करते. मला माझाच वास येत नाही, मग लोकांना येत असेल का, हे कसं कळणार? हिला विचारते तर ही नाही म्हणते. पण ही माझी भाची, ती खरं कशाला सांगेल? गॅस चालू राहिला की काय म्हणून दर तासाला उठून बघते. जेवते ते कागद चावल्यासारखं. सव्वीस वर्षं लोकांचं दूध वासानं ओळखलं आणि आता समोर काय वाढलंय ते विचारून जेवते.”

भाचीचे डोळे भरून आले. तिनं हळूच म्हटलं, “मावशी, खरंच वास येत नाही हो.”

“बघा,” मावशी म्हणाल्या. “हिचं हे असंच.”

कंपनीनं त्याच टेबलावर नाकाची भरपाई मान्य केली. न्यायाधीशांनी साहेबांना जाता जाता अहवाल दाबून ठेवल्याबद्दल चार शब्द ऐकवले, ते इथे लिहीत नाही.

जिन्यात मॅनेजर मागून आले. मावशी तिथेच थांबल्या.

“स्टुलाची किल्ली उद्या देते,” त्या म्हणाल्या.

“स्टुलाला किल्ली कुठे असते मावशी?”

“नसते, पण द्यावं काहीतरी.”

मॅनेजरनं बगलेतली नोंदवही दुसऱ्या बगलेत घेतली. “तो नासका कॅन टाकीत गेला असता तर सगळ्या दिवसाचं दूध वाया गेलं असतं. हे तुम्ही मला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मी फार रागावलोय.”

“रागवा.”

“रागावलोच आहे. पण चौदा कॅन... नुसता चेहरा बघून?” ते दोन पायऱ्या उतरले आणि परत वळले. “सहाला या. वास ती मुलगी घेईल. तुम्ही शेजारी बसा.”

दुसऱ्या दिवशी मावशी पोचायच्या आधी बातमी ओट्यावर पोचली होती. दूधवाल्यांची ओळ उभी होती, पण अशी, की कुणाच्या घरात काही वाईट घडलंय असं वाटावं. एकजण आभाळाकडे बघत होता. एकानं थंडी नसताना मफलर डोळ्यांपर्यंत गुंडाळलेला. रोज नमस्कार करणाऱ्यानं मान फिरवली आणि कधीही न बोलणाऱ्यानं उगाचच शिवी हासडली, ती कुणालाच लागली नाही. प्रयोगशाळेतली मुलगी एकेक झाकण उचलून वास घेत होती, आणि तिच्या शेजारी स्टुलावर मावशी हात मांडीवर ठेवून नुसत्या बसल्या होत्या.

ओळीच्या शेवटी एकजण काळा चष्मा लावून उभा होता. सकाळचे सव्वासहा वाजले होते आणि ऊन अजून कुठेच नव्हतं.

मावशींनी मुलीला त्याच्या पायाशी असलेला कॅन बोटानं दाखवला. मुलीनं झाकण उचललं आणि नाक धरून दोन पावलं मागे सरकली.

“परत,” मावशी म्हणाल्या.

“अहो मावशी!” तो कळवळला. “मी एक शब्द बोललो नाही, तुमच्याकडे बघितलं नाही, नुसता चष्मा घातला होता!”

“हो ना,” मावशी म्हणाल्या. “पुढचा कोण?”