मॅडम, हलू नका!

आमच्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्याला सगळे भडका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. स्वतःच्या लग्नात माइक कुईकुई करतोय म्हणून हा नवरदेव चिडून उठून वायर तपासायला गेला होता. बायको अजून ऐकवते. पण त्या आठवड्यात त्याचा राग थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. मोठ्या मॅडमच्या खणात त्याला कामावरून काढायचं पत्र तयार होतं, सही तेवढी बाकी. मी ऑफिसातला जुना कारकून. ही बातमी त्याच्या कानावर कुणी घातली ते विचारू नका.

गुन्हा काय, तर मॅडमच्या कॉम्प्युटरवर एक्स-रे उघडत नव्हते. ‘या नावाचा कॉम्प्युटर सापडत नाही’ एवढंच पडद्यावर. भडका धावत येई, मॅडम टेबलावरचा मोबाइल उचलून "बघा तुम्ही, मी राउंड घेऊन येते" म्हणत निघत, आणि सगळं सुरळीत! त्या परतल्या की पुन्हा बंद. बाहेरच्या कॉम्प्युटर कंपनीचा माणूस दवाखान्यात पाऊल न टाकता फोनवरूनच सांगून मोकळा झाला, "तुमचा माणूसच बदला."

"काय भडकोबा," एक्स-रेवाला म्हणाला, "तुमच्या धाकानंच चालतं ते. तुमचा फोटो लावू या का पडद्यावर?"

"तुझ्या तोंडावर लावीन!"

सोमवारी त्याला मॅडमच्या खोलीत पुन्हा बोलावणं. मी सह्यांच्या फायली घेऊन तिथंच उभा. मॅडम सवयीनं उठू लागल्या.

"मॅडम, हलू नका!" भडका असा ओरडला की दारातला शिपाईसुद्धा ताठ झाला. "उठलात तर माझी नोकरी जाईल. कशालाही हात लावू नका."

तो टेबलाखाली वाकला. दवाखान्याच्या नेटवर्कची तार जागेवर होती. शेजारी एक पांढरी वायर, टोकाला मॅडमचा मोबाइल.

"हे काय?"

"चार्जिंग. घरी कॉम्प्युटरला नेट नाही, तिथं नेटसाठीही असाच लावते."

भडक्याचे कान लाल झाले. "म्हणजे फोनचं नेटही यात शिरतंय! याला दोन वाटा झाल्या. आपल्या एक्स-रेच्या कॉम्प्युटरचं नाव हा आधी फोनच्या वाटेनं बाहेर विचारतो. बाहेरच्याला काय डोंबल माहीत? तो म्हणतो, असं कुणी नाहीच. तो गप्प बसता तर यानं तारेवर विचारलं असतं. पण ‘नाही’ ऐकलं की हा ठोंब्या खरं धरतो. घरच्याला विचारतसुद्धा नाही!"

"मग काढते की फोन."

"आज काढाल, उद्या लावाल!"

कीबोर्ड बडवत त्यानं नियम घातला: ज्या कॉम्प्युटरच्या नावाला दवाखान्याचं आडनाव, ते फक्त तारेवर विचार, बाकीची कुठंही. फोन तसाच ठेवून त्यानं एक्स-रे उघडला. कुणाचा तरी मोडका खुबा लख्ख दिसला.

"एवढंच होतं होय?" मॅडम हसल्या.

झालं! "एवढंच? तीन आठवडे मी खोटारडा! बाहेरचा ‘नाही’ म्हणाला, तुम्ही खरं धरलंत. मला एका शब्दानं विचारलंत? खणातलं पत्र काढा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

पत्र फाटलं. भडक्यानं तुकडे टोपलीत पडू दिले नाहीत. "बायकोला दाखवायचेत," म्हणत खिशात कोंबले आणि दार आपटून गेला.