साडूंचं डिजिटल

शिकला नाही म्हणून वाया गेलेला माणूस गल्लोगल्ली सापडतो. शिकला म्हणून वाया गेलेला बघायचा असेल तर आमच्या साडूंना बघावं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुक्काम मुरगूड, वय त्रेसष्ट, खत-बियाण्यांचं दुकान मुलाच्या गळ्यात घालून मोकळे झालेले. माणूस मोकळा झाला की देवाचं नाव घेतो, नाहीतर गुडघ्यांचं. यांनी चित्रकला धरली. बरं, धरली तर धरली. पण तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेला त्यांचा साडू, म्हणजे मी, इथं कोल्हापुरात बसलेला असताना हे गेले कुठं, तर राजारामपुरीतल्या एका चोवीस वर्षांच्या पोरीच्या क्लासला!

मला राग आला. सरळ सांगतो, फार राग आला. कारण गेली दोन वर्षं माझा उजवा हात थरथरतो. औषधं चालू आहेत, पण कप बशीवर वाजतो तो वाजतोच आणि सही दर वेळी वेगळ्या माणसाची येते. पेन्सिली मी कपाटात टाकून दिल्यात. घरात चित्राचा विषय कोणी काढत नाही. अशा माणसाच्या घरी दर बुधवारी क्लास सुटल्यावर चहाला यायचं आणि आज आपण काय शिकलो ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायचं, याला काळीज दगडाचंच लागतं.

मुळात साडू तिथं गेले तेच चुकून. आमच्याकडं ‘डिजिटल’ म्हणजे चौकात लावायचा फ्लेक्सचा फलक. वाढदिवस असो नाहीतर कुणाची निवड, ‘डिजिटल लावलं का?’ एवढंच विचारतात. साडूंना त्याचा भारी सोस. नातवाच्या बारशाला त्यांनी जे लावलं होतं त्यात नातू सुपारीएवढा आणि कानाला मोबाइल लावलेले साडू पुरुषभर उंच. पण छापणाऱ्यानं त्यांना इतकं गोरं केलं की अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ‘हा कोण?’ म्हणून विचारलं. तेव्हापासून आपलं डिजिटल आपणच करायचं अशी ईर्षा पेटली. ‘डिजिटल चित्रकला’ अशी पाटी दिसताच आत शिरून नाव घातलं. पहिल्या दिवशी फलक मोजायला टेपसुद्धा नेली होती. पोरीनं हातात एक टॅब दिला आणि शंभर सरळ रेघा काढायला सांगितल्या.

दुसरा कोणीही चप्पल घालून घरी आला असता. साडू आठ महिने गेले. रेघा झाल्या, गोल झाले, मग खोकी, नळकांडी आणि अंडी. जगातली प्रत्येक वस्तू यांतूनच बनते, असं पोरीनं सांगितलं. मीही वर्गात तेच सांगत असे, पण माझी पोरं शहाणी, परीक्षा झाली की विसरत. साडूंनी ते मनाला लावून घेतलं. एका लग्नाच्या पंगतीत एक डोळा मिटून, पेन लांब धरून, त्यांनी समोरच्या गृहस्थाचं डोकं मोजलं आणि शेजाऱ्याला सांगितलं, “पावणं, ह्या मानसाला मानच न्हाय की! अंड्याखाली थेट खोकं हाय!” ते खोकं शेजाऱ्याचे थोरले बंधू निघाले. मला ताटावरून उठून माफी मागावी लागली, जिलबी राहिली ती राहिलीच.

घरी तर विचारू नका. अक्का भाकरी थापत असताना हे म्हणाले, “गोल चुकलाय. अंडू कर.” अंडू म्हणजे टॅबवर काढलेलं रद्द करून मागं जायची सोय. अक्कांनी यांच्या ताटातली भाकरी उचलून टोपल्यात टाकली. “झालं अंडू. आता बसा उपाशी!”

माझ्या घरात मी काढलेलं रंकाळ्याचं एकच चित्र टांगलेलं आहे. त्याच्यासमोर उभं राहून हे म्हणाले, “साडू, उजेड हिकडनं येतोय, मग सावली बी हिकडंच कशी वो?” मी म्हणालो, “चहा झाला असेल तर गाडी चुकेल तुमची.” ते गेल्यावर मी निरखून बघितलं. सावली चुकलीच होती. इतक्या वर्षांत एका माणसालाही दिसली नव्हती, मलासुद्धा नाही. त्या दिवशी मी जेवलो नाही.

गेल्या बुधवारी साडूंनी चहा नको म्हटलं आणि टॅब माझ्या मांडीवर ठेवला.

“धरा. एक रेघ वडा.”

“मला असली खेळणी येत नाहीत.”

“मी शिकवतो की!”

हे मला शिकवणार! मी संतापानं पेन ओढलं. हात नेहमीसारखा थरथरला, पण रेघ सरळ गेली. अगदी सरळ, माझ्या पंचविशीतल्यासारखी.

“शेटिंग असतंय ह्यात,” साडू म्हणाले. “हात हालला तरी रेघ हालत न्हाय. त्या पोरीनं पयल्याच दिशी दावलं, तवाच तुमी आठवला. म्हटलं, तुमी काय त्या पोरीम्होरं बसायचं न्हाय. मग आपुनच शिकावं आन् तुमास्नी दावावं. आठ म्हैनं लागलं. डोस्कं जड हाय माझं, काय करू?”

माझ्या तोंडून शब्द फुटला तो वाईटच फुटला. “ही रेघ माझी नाही. यंत्राची आहे. घेऊन जा.”

दुसरा कोणी दुखावला असता. साडूंनी डोकं खाजवलं, कुठंतरी बोट दाबून ते सेटिंग बंद केलं आणि टॅब परत माझ्या मांडीवर ठेवला.

“बरं. मग हालणारी काढा. माझ्या मिशा काढा. त्या कुठं सरळ हायत?”

मी काढायला लागलो. हात थरथरत होता आणि एकेक केस जिथल्या तिथं उभा राहत होता. समोर साडू खुर्चीत ताठ, जन्मात पहिल्यांदा गप्प, श्वाससुद्धा चोरून घेत होते. बायको काहीतरी विचारायला आली आणि दारातच थांबली. मिशा केव्हाच पुऱ्या झाल्या होत्या. पण मी म्हणालो, “हलू नका साडू, अजून व्हायच्या आहेत,” आणि त्यांना तसंच बसवून ठेवलं.