भावकीत गेलेली लिंक

येळवसेच्या अमावशेला समद्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवून करत्यात, त्या भज्जीचा वास आला आन् मला त्या बुधवारची धडकी आठवली. ब्लॉग लिवणाऱ्या बायांच्या ग्रुपात दर बुधवारी आपापल्या ब्लॉगची लिंक टाकायची, दुसरीचं वाचायचं, तेवढेच वाचणारे वाढायचे. कडेवर लेकरू रडत व्हतं, घाईत मी भज्जीवरच्या लेखाची लिंक टाकली ती भावकीच्या ग्रुपात! मी लिवते हे घरात कुणालाच म्हाईत नव्हतं. आता घरचे फोन काढून घेत्यात म्हणून मी सैपाकघरात दडून बसले. सासरे फोन घेऊन दारात आले.

"सूनबाई, हे तू लिवलंस?"

मी नुसती मुंडी हलवली.

"आगं, चिच टाकायची इसरलीस की भज्जीत!"

माझा जीव भांड्यात पडला. आता हसू येतं. आजबी बुधवारच हाय, आन् मामंजीच मघाशी इचारत व्हते, "लिंक टाकली का गं?"