डावा हात वर

मी फिनलंडमधल्या एका शाळेत सहावीच्या एकोणीस मुलांना लबाडी शिकवली. शिकवायला गेलो होतो अपूर्णांक.

आठ वर्षं ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. कॉलेजात नाही, शाळेत नाही, बायकोलाही नाही. तिच्याकडं माझ्याविरुद्धचा दारूगोळा तसाही भरपूर आहे. आज सांगतोय, कारण ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवी होती त्या तिथल्या माझ्या शिक्षिका मार्यात्ताबाई आता राहिल्या नाहीत. मेल आली तेव्हा मी शाळेत मधल्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो. आमची शाळा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीला लागून, त्यामुळं खिडकी उघडी असली की यंत्रमागांचा खडखडाट थेट डब्यात येऊन पडतो. मेल मार्यात्ताबाईंची नव्हती, त्यांच्या मुलीची होती, काइसाची. ‘आई मंगळवारी सकाळी गेली. कुणाकुणाला कळवायचं त्याची यादी तिनं स्वतःच करून ठेवली होती. तुझ्या नावापुढं तिनं लिहिलंय : सोलापूरचे हात.’ भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला… शेजारचे सर म्हणाले, “काय ओ, मीठ जास्त झालंय का?” मी मान डोलावली. खोटं बोलायची सवय अशी चटकन कामाला येते.

मी करमाळा तालुक्यातला. बी.एड.ला सोलापुरात होतो, तेव्हा आमच्या कॉलेजानं दोन विद्यार्थ्यांना सहा आठवडे परदेशात सराव पाठ घ्यायला पाठवायचं ठरवलं. माझी निवड गुणवत्तेवर झाली असं गावात अजून मानतात. खरं म्हणजे एका मुलीचं लग्न ठरलं, एका मुलाला कावीळ झाली, आणि पासपोर्ट असलेला तिसरा मी होतो. तोही दुबईच्या चुलतभावाच्या भरवशावर काढलेला. दुसरा विद्यार्थी दुसऱ्या गावातल्या शाळेत गेला, म्हणजे माझे पराक्रम बघायला आपलं माणूस कुणी उरलं नाही. आईनं चाळीस कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. “तितं काय खायला मिळतंय न मिळतंय,” म्हणाली. “आन् कुनी काय इचारलं तर येत न्हाय म्हनू नगंस. मास्तरला येत न्हाय म्हनलं की संपलं.” हा उपदेश मी भाकरीपेक्षा जपून नेला.

पहिल्याच दिवशी शाळेच्या दारात बूट काढायला सांगितलं. तिथं सगळी शाळा मोज्यांवर चालते, हेडमास्तरसुद्धा. माझ्या उजव्या मोज्यातून अंगठा सबंध बाहेर आलेला. मी दुसऱ्या पायानं तो झाकत, एका पायावर बगळ्यासारखा उभा राहून माझ्या मार्गदर्शक शिक्षिकेशी ओळख करून घेतली. उंच, साठीला टेकलेल्या, पांढरे केस पोरासारखे कापलेले. मी ‘मॅडम’ म्हणालो, तर म्हणाल्या, “मॅडम कोण? मी मार्यात्ता.” मुलंही त्यांना नावानंच हाक मारायची. माझ्या जिभेला ते जमेना. वडिलांच्या वयाच्या माणसाला नावानं हाक मारायची म्हणजे आमच्याकडं आधी त्याच्याशी भांडण व्हावं लागतं. शेवटी मी ‘मार्यात्ताबाई’ असं काहीतरी जोडून घेतलं. बाई हे त्यांचं आडनाव मीच ठेवलंय असं त्यांना बरेच दिवस वाटत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर राखाडी लोकरीचे मोजे ठेवले. हातानं विणलेले, गुडघ्याच्या जरा खाली येतील एवढे. अंगठ्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. रात्रीत विणले की आधीचे होते, ते मी विचारलं नाही. घरी फोनवर बूट काढण्याचं सांगितलं तर आई म्हणाली, “म्हंजी देवळावानीच की. मंग पोरं गप बसत आसतील.”

गप तर अशी बसायची की माझा जीव जायचा. मी प्रश्न विचारायचा, आणि वर्ग शांत. आमच्याकडं प्रश्न संपायच्या आत ‘सर मी, सर मी’ असा बाजार भरतो. तिथं एक सेकंद, दोन सेकंद… पाचव्या सेकंदाला मी घाबरून तोच प्रश्न मोठ्यानं विचारायचो आणि सातव्याला उत्तर सांगून मोकळा व्हायचो. तिसऱ्या दिवशी मार्यात्ताबाई म्हणाल्या, “तूच विचारतोस, तूच सांगतोस. मग ही मुलं इतक्या थंडीत शाळेत कशाला येतात?” मी म्हणालो, ती काही बोलतच नाहीत. “विचार करताना माणूस बोलत नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग कधी नसायचा, गोडवाही नसायचा. खिडकीबाहेर बर्फ पडतोय हे सांगावं तसं त्या माणसाला त्याच्याबद्दलचं सत्य सांगायच्या.

जवळीक झाली ती भाकरीवरून. एकदा शाळेच्या जेवणाला जोड म्हणून मी कडक भाकरी काढली. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, उठल्या आणि कपाटातून त्यांच्याकडची राय नावाच्या धान्याची भाकरी घेऊन आल्या. वाळलेली, पातळ, मोडली की कटकन आवाज करणारी. आमच्या भाकरीची सख्खी बहीणच, फक्त थंडीत वाढलेली. त्यांनी दोन्हींचा एकेक तुकडा मोडला, डोळे मिटून आधी एक चावला, मग दुसरा. म्हणाल्या, “आवाजात तुझी आई जिंकली.” चटणीनं त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या, तरी त्यांनी अजून मागितली. पुढच्या आठवड्यात अपूर्णांकाचा पाठ होता. मी उत्साहानं कडक भाकरीचे चार समान भाग करून दाखवायला गेलो. भाकरीचे तेरा तुकडे झाले, एकही दुसऱ्यासारखा नाही, आणि त्या शांत वर्गाला मी पहिल्यांदा हसताना ऐकलं.

आता लबाडीकडं येतो. माझ्या शेवटच्या पाठाला मार्यात्ताबाई मागं बसून आमच्या कॉलेजचा निरीक्षण तक्ता भरणार होत्या. तक्त्यात ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ असा रकाना होता. तो रकाना माझ्या स्वप्नात यायला लागला होता. हा पाठ बिघडला तर बी.एड. लटकणार, आणि गावात तर हार घालून पाठवलेला. मग मला आमच्या गावच्या शाळेतला रामबाण उपाय आठवला. साहेब तपासणीला यायचे त्याच्या आदल्या दिवशी गुरुजी सांगायचे, “उद्या सगळ्यांनी हात वर करायचा. येतंय त्यानं उजवा, न्हाय येत त्यानं डावा.” साहेबांना वर्गभर हातच हात दिसायचे, गुरुजी नेमका उजवा निवडायचे, साहेब खूश होऊन चहाला जायचे. मी स्वतः चौथीपर्यंत डाव्या हाताचा मानकरी होतो.

तर सुट्टीत मी त्या एकोणीस मुलांना गोळा करून मोडक्या इंग्रजीत हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. एकानं विचारलं, “येतंय की नाही, तेच नक्की नसेल तर?” मी म्हणालो, तर डावा.

पाठ सुरू झाला. मी फळ्यावर लिहिलं : तीन अष्टमांश आणि दोन पंचमांश, यांत मोठं कोण? एकोणीसच्या एकोणीस हात वर. त्यांत उजवे सात. मी एका उजव्याला उठवलं, त्यानं बरोबर सांगितलं, दोन पंचमांश. मी “शाब्बास” म्हणून पुढच्या प्रश्नाकडं वळलो. उजवे हात खाली गेले. डावे गेले नाहीत. बारा डावे हात तसेच वर… मी डोळ्यांनी खुणावलं, हातानं खुणावलं. पहिल्या बाकावरच्या आइनो नावाच्या मुलीचा हात दुखायला लागला, तर तिनं दुसऱ्या हातानं कोपराला आधार दिला, पण खाली घेईना. शेवटी म्हणाली, “मला येत नाही, म्हणून तर डावा हात वर केलाय. तुम्ही आमच्याकडं कधी येणार?”

त्या मुलांना वाटलं होतं की, डावा हात शिक्षकानं बघावा म्हणून वर करायचा असतो. न येणाऱ्यांनी हात वर करायचा, तो दुसऱ्या कशासाठी असेल? त्यांच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नव्हतं. मी तो पाठ सोडून उरलेला अर्धा तास त्या बारा मुलांमध्ये खुर्ची ओढून बसलो. दुसरा मार्गच नव्हता. तेवढा अर्धा तास मी आयुष्यात पहिल्यांदा शिक्षक होतो, असं आता वाटतं. तेव्हा फक्त घाम आला होता. बाहेर बर्फ असताना.

पाठ संपल्यावर मार्यात्ताबाई मला घेऊन मैदानात आल्या. विचारलं, “हे हातांचं तुझ्या डोक्यातलं की तुमच्याकडची रीत?” खरं सांगायची ती वेळ होती. समोर त्यांचे ते निळे, स्थिर डोळे. आणि मी म्हणालो, “आमच्या सोलापूरची जुनी रीत आहे. ज्याला येत नाही तो शिक्षकाला दिसावा म्हणून.” त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. मग म्हणाल्या, “चांगली रीत आहे. मी ठेवून घेते.”

आणि खरंच ठेवून घेतली. दर जानेवारीत त्यांची दोन-चार ओळींची मेल यायची. वर्गात सोलापूरचे हात चालू आहेत. शेजारच्या वर्गानंही घेतले. पूर्वी तोंड न उघडणारा एक मुलगा आता डावा हात वर करतो. शेवटी नेहमी एक प्रश्न : ‘तुझ्या वर्गात कसं चाललंय?’ मी लिहायचो, ‘छान चाललंय.’ गेल्या वर्षी आमच्याकडं तपासणी होती. मी आदल्या दिवशी वर्गाला सांगितलं, येतंय त्यानं उजवा, न्हाय येत त्यानं डावा. साहेबांनी शेरा दिला, ‘वर्गाचा प्रतिसाद उत्तम.’ त्याच आठवड्यात मार्यात्ताबाईंना मी लिहिलं, ‘हात छान चाललेत.’ म्हणजे वाक्य म्हणून पाहिलं तर ते खोटंसुद्धा नव्हतं. त्यांनी उलट कळवलं की निवृत्तीनंतर एकदा सोलापूरला येऊन तुझा वर्ग बघायचा आहे, मागच्या बाकावर बसून. मला आनंद व्हायला हवा होता. मी उन्हाळ्याची भीती घातली. मग पावसाळ्यात डास असतात म्हणालो. मग त्यांच्या मेलमध्ये दवाखान्याचा उल्लेख यायला लागला आणि येण्याचा उल्लेख गेला. मला हायसं वाटलं होतं, हे इथं लिहून टाकतो. पुन्हा धीर होणार नाही.

अंत्यविधीनंतर सगळे कॉफीला जमले होते, त्याबद्दल काइसानं त्या मेलच्या शेवटी लिहिलं होतं. कुणाला आईबद्दल चार शब्द बोलायचेत का, असं तिनं विचारलं, तेव्हा लोक त्यांच्या रीतीप्रमाणं गप्प राहिले. मग मागच्या टेबलावरच्या एका तरुण मुलीनं, आईच्या जुन्या विद्यार्थिनीनं, डावा हात वर केला. तिच्यामागं अजून एकानं… काइसा उठून आधी त्यांच्याकडं गेली. ‘ज्यांना बोलता येत नव्हतं, ते सगळे असा डावा हात वर धरून बसले. आईला हे आवडलं असतं. तुमच्या गावाचे आभार.’

घरी येऊन मी ट्रंक उघडली. राखाडी मोजे डांबरगोळ्यांच्या वासात तसेच आहेत. सोलापुरात लोकरीचे मोजे घालायची वेळ येत नाही, पण ते द्यायचेही झाले नाहीत. त्यांतल्याच एकात निरीक्षण तक्त्याची माझी प्रत गुंडाळून ठेवलेली होती. ‘विद्यार्थ्यांचा सहभाग’ या रकान्यात मार्यात्ताबाईंनी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या होत्या. तेव्हा माझ्या मोडक्या इंग्रजीनं कौतुक समजून मी त्या गावभर दाखवल्या होत्या. आता नीट वाचल्या : ‘या शिकाऊ शिक्षकाला अजून बरंच येत नाही. पण ते कबूल करायची सोय त्यानं स्वतःच शोधून काढली आहे. ती तो वापरेल अशी आशा आहे.’ दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना खाली बसलो. त्यांना कळलं होतं? त्या मैदानातच? आणि आठ वर्षं दर जानेवारीत तो एकच प्रश्न विचारत राहिल्या, माझा हात वर होतोय का ते बघायला? की मला आता सोयीचं वाटतंय म्हणून मी तसं वाचतोय? विचारायला कुणी नाही.

सोमवारी सहावीच्या वर्गावर गेलो. या वर्गात घरी तेलुगू बोलणारी मुलं आहेत, कानडी बोलणारी आहेत, आई-बाप यंत्रमागावर कामाला. फळ्यावर तीन अष्टमांश आणि दोन पंचमांश लिहिले आणि म्हणालो, “येतंय त्यानं उजवा हात, येत नाही त्यानं डावा.” मुलांनी दाराकडं पाहिलं, साहेब आलेत का ते. कुणी नव्हतं. तरी बिचाऱ्यांनी हात वर केले. मनातून मी फार हललो होतो. त्या भरात मी एका उजव्याला उठवलं, त्यानं बरोबर सांगितलं, मी “शाब्बास” म्हणालो, दुसऱ्या उजव्याला कारण विचारलं, तेही बरोबर आलं, आणि मार्यात्ताबाईंचं काहीतरी आपण पुढं चालू केलं या समाधानात खडू उचलला. तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची लावण्या दिसली. डावा हात वर, कोपराला उजव्याचा आधार.

मी प्रेमानं म्हणालो, “बाळ, हात खाली घे की. दुखेल.”

“दुखालाय की मगाचपास्नं,” लावण्या म्हणाली. “डावा वर करा म्हनलाव, आन् बगालाव निस्तं उजव्याकडं. सर, हे तुमालाच येत न्हाय की वो.”