मुकी ओवी

बारामतीपासून इंदापूरपर्यंत खरं बोलणारा माणूस एकच, असं माझा आतेभाऊ सांगतो. आणि तो माणूस म्हणजे अर्थातच तो स्वतः. पोटापाण्यासाठी तो लग्नाची शूटिंग करतो. तिथे दहावीला तीनदा बसलेल्या नवरदेवाला तो ढगांतून खाली उतरवतो आणि अख्ख्या मांडवाचा आवाज वगळून त्यावर सिनेमातली गाणी चिकटवतो. या पापाचं प्रायश्चित्त म्हणून, लगीनसराई संपली की कलावंतांची 'खरी चित्रं', म्हणजे व्हिडिओ, काढत हिंडतो. कॅमेरा स्टँडवर लावायचा, कलावंताला समोर बसवायचं आणि कला तेवढी करू द्यायची नाही. भवानीनगरच्या बोर्ड रंगवणाऱ्याला त्याने पाऊण तास ब्रशाशिवाय भिंतीला टेकवून ठेवलं. माळेगावच्या ढोलकीवाल्याला हात मांडीखाली घालून बसवलं. मुंग्या येऊन तो बिचारा कळवळला, त्याला हा 'अंतरंग' म्हणतो. कुणी हटकलं की उत्तर ठरलेलं: "गाताना माणूस दिसत न्हाय, गाणं दिसतं." चित्राला आवाजही नाही, कारण आवाज खोटं बोलतो म्हणे. शिवाय काढलेलं चित्र लोणच्यासारखं वर्षभर मुरू द्यायचं, तोवर बघायचं नाही.

माझे वडील धनगरी ओव्या गायचे. कुणी मोबाईल समोर धरला की मात्र तोंड मिटून घ्यायचे. भाच्याच्या कॅमेऱ्याला तयार झाले ते मी चार दिवस मागे लागलो म्हणून. त्या दिवशी फेटा बांधून सकाळपासून आलं-गूळ चघळत ओसरीत बसले होते. भाचा आला आणि म्हणाला, गायचं नाही, नुसतं बसायचं. त्यांचं तोंड उतरलं. ते मी पाहिलं आणि तरीही हसलो. मग कॅमेरा चालू ठेवून आम्ही दोघं चौकात चहाला गेलो.

त्यानंतर दोनच महिन्यांत वडील गेले. वर्षश्राद्धाला ते चित्र पहिल्यांदा टीव्हीवर लावलं. आम्ही निघून गेल्यावर वडिलांनी इकडंतिकडं पाहिलं, फेटा सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघत गायला लागले. अख्खी ओवी गायले. आवाज नव्हता. आतेभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "तत्त्व-बित्त्व काय न्हाय रं. लग्नात माईक बंदच असतोय माझा, तीच सवय. तत्त्व मागनं जोडलं."

आईने ओठांवरून ओवी ओळखली. माझा गळा वडिलांवर गेलाय, तेव्हा मीच गावं आणि ते चित्रावर चढवावं, असं कुणीतरी सुचवलं. मी गायलो. उभा जन्म हेच काम केलेल्या आतेभावाने तासाभरात चढवूनही दिलं. ओठ आणि शब्द असे जुळले की क्षणभर मीच फसलो. आई शेवटपर्यंत बघत राहिली. मग भाच्याला म्हणाली, "ओवी बरूबर हाय, बाबा. पर ह्ये त्ये न्हवं. आवाज काढून टाक."

त्याने काढला. आता कुठंही गेला तरी तो आधी माईक तपासतो आणि समोरच्याला सांगतो, गा, बोला, खोटं बोला, काय बी चालतंय. आमच्याकडे आला की आईशेजारी बसून ते चित्र बघतो. आईचे ओठ हलत असतात. मी मागे उभा राहून वडिलांचा आवाज आठवायला बघतो. पण आठवतं ते एवढंच, की त्या दिवशी चौकातला चहा फार गोड झाला होता.