नानांनी निवडलेले स्पीकर

दुकानाबाहेर उभं राहून स्पीकर पारखणारा माणूस मी एकच पाहिला, नाना मुळ्ये. कृष्णपुऱ्याच्या मागच्या गल्लीत, आमच्या खालच्या मजल्यावर ते एका खोलीत एकटे राहत. मुलीनं पुण्याहून तिचा जुना कंप्यूटर पाठवला होता. त्यावर नाट्यपदं ऐकायची, तर आवाज खरखरायचा. मी कंप्यूटरच्या नोकरीतला, म्हणून मला म्हणाले, "भिया, छोट्या खोलीपुरते, सस्तेवाले स्पीकर घ्यायचेत. जरा चला ना."

राजवाड्यापलीकडे एका बाजाराच्या पहिल्या मजल्यावर आम्ही गेलो. दुकानदारानं गाणं लावलं की नाना बाहेर जायचे, काचेचं दार ओढून घ्यायचे आणि भिंतीला कान लावून उभे राहायचे. आत येऊन मान हलवायचे, "नको, बाहेर येतो आवाज." गिऱ्हाइकं हसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदारानं मोठा वूफर पुढे केला, तेव्हा नानांनी हातच जोडले. "याचा धमाका भिंतीतून पलीकडे जातो. नाही पाहिजे." शेवटी वाटीएवढे दोन स्पीकर ठरले. ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना, भिंतीपासून जरा पुढे, तोंडं तुमच्याकडे करून ठेवा, म्हणजे कमी आवाजातही भागेल, असं मी सांगितलं. नानांनी ते फार लक्ष देऊन ऐकलं.

परतताना चहाच्या टपरीवर मी हसत विचारलं, की पलीकडच्यांची एवढी भीती कशाला? नानांनी कप खाली ठेवला आणि ते बोलू लागले.

तरुणपणी त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, गणपती असो, गल्लीत कर्णे नानांचे. "आवाज म्हणजे अपनी इज्जत," असं तेव्हा म्हणायचे. एका गणपतीत संध्याकाळी शेजारचा प्रकाश मांडवात आला. आईची शेवटची घटका आहे, आवाज थोडा कमी करा, म्हणाला. नानांभोवती मित्रमंडळी होती. त्यांच्यादेखत नानांनी आवाज आणखी वाढवला. सगळे हसले. सकाळी प्रकाशच्या दारात तिरडी बांधत होते.

त्यानंतर नानांनी सगळं सामान विकून टाकलं. डीजे आले म्हणून धंदा बसला, असं लोक समजले आणि नानांनी समजू दिलं. "माफी मागायला तोंड नव्हतं, भिया. आजही आमच्या खोल्यांमध्ये एकच भिंत आहे, पण त्याच्या दारावरून जाताना आजही मान वर होत नाही."

खोलीत स्पीकर जोडून मी हळू आवाजात पद लावलं. नाना उठले आणि थेट प्रकाशच्या दारात गेले. मी नानांच्याच उंबऱ्यापाशी थांबलो. दार उघडलं. नाना खाली बघत म्हणाले, "नवे स्पीकर आणलेत. तुला त्रास होतो का, विचारायला आलो."

प्रकाशचेही केस आता पिकले होते. त्यानं दार पुरतं उघडलं. मग म्हणाला, "नाही होत. आणि नाना, ते मनात ठेवू नका. आईला शेवटी ऐकूच येत नव्हतं."

नानांनी मान हलवली. खोलीत येऊन त्यांनी आधी गाणं बंद केलं.

"खोटं बोलला," ते म्हणाले. "त्या दिवशी दुपारी मी तिला बघायला गेलो होतो. दारात नुसता खोकलो, तर डोळे मिटलेले असताना म्हणाली, नाना आला का. सगळं ऐकू येत होतं तिला." ते खाटेवर बसले. "त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला वाचवायला त्याला आईबद्दल खोटं बोलावं लागलं. म्हणजे बघा, मी काय करून ठेवलंय."

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. मुलगी पुण्याहून यायची होती, तोवर सगळी धावपळ प्रकाशनंच केली. स्मशानातून परतताना तो माझ्याबरोबर चालत होता. त्यानं हळूच विचारलं, "आईला ऐकू येत नव्हतं म्हणालो होतो मी. पटलं होतं ना त्यांना?"

त्याच्याकडे न बघता मी म्हणालो, "हो. पटलं होतं."